पाहणं थांबवू नका, सावली बदला

प्रश्न : वाईच्या घाटांची जलरंगचित्रं करतो. बघणारे म्हणतात, ‘अगदी अमक्यांचीच वाटतात.’ दुसऱ्यांची चित्रं पाहणं बंद करावं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच नको. उलट, औंधचं श्री भवानी संग्रहालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. राजा रविवर्मा, चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांची मूळ चित्रं तिथे निवांत बघा. छापील पुस्तकात ब्रशचा जोर कळत नाही.

नक्कल करायचीच, तर फक्त मांडणीची. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीने उजेड, मधली छटा आणि गडद, एवढंच उतरवा. मग मूळ चित्र मिटून ठेवा नि तीच मांडणी घाटावर बसून समोरच्या दृश्याला लावून बघा. जिथे ती बसत नाही, तिथे काय करायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

बहुतेकांचं घोडं अडतं ते सावलीत. आवडत्या चित्रकाराची जांभळी सावली हाताला पाठ होते आणि वाईजवळच्या मेणवली घाटाच्या काळ्या दगडावरही तीच येते. महिनाभर जांभळा बंद! अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), बस्स. पहिल्या दोन्हींतून दगडाचा करडा निघतो. सिएना वाढवली की उन्हातली पायरी, निळा वाढवला की पाण्यालगतची. कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, पूर्ण वाळू द्या; अर्धवट ओलीवर पाणीदार ब्रश फिरला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात.

नकलेच्या पाठीमागे मूळ चित्रकाराचं नाव लिहा, आणि ती प्रदर्शनात लावू नका.