'थोडे खमीर सगळा गोळा फुगवते': ही नासक्या आंब्याची म्हण आहे का?

प्रश्न असा आहे: दादरच्या एका चर्चमध्ये मराठी उपदेश ऐकताना 'थोडे खमीर सगळा गोळा फुगवते' हे वाक्य कानावर आलं. विषय होता, एकाच्या पापाचा सगळ्या मंडळीवर, म्हणजे चर्चच्या समुदायावर, होणारा परिणाम. मग ही आपली 'एक नासका आंबा सगळी आढी नासवतो' हीच म्हण ना? आणि खमिरानं तर पाव हलका होतो, ते वाईट अर्थानं कसं काय?

म्हण जवळची आहे, पण तीच नाही. दोन्हींत दोष वेगवेगळ्या जागी पडतो.

आधी शब्द. खमीर मूळचं अरबी, आपल्याकडे फारसीमार्गे आलेलं. खुमारीही त्याच धातूची. (बेखमीर भाकरीतला 'बे' फारसी.) बायबलमधलं खमीर म्हणजे पुडीतलं यीस्ट नव्हे. कालच्या कणकेतला आंबलेला गोळा राखून ठेवायचा आणि आजच्या पिठात कालवायचा, म्हणजे आपल्या विरजणाच्या जातीचं. आजची भाकरी कालच्या भाकरीचा वारसा घेऊनच येते. वल्हांडण या यहुदी सणाच्या वेळी सात दिवस घरात खमीर ठेवायचं नाही, हा नियम या वारशालाच खंड पाडतो.

आता वाक्याची जागा. येशूचा प्रेषित पौल यानं करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ते येतं, काळ इ.स. 55 च्या आसपासचा. तिथल्या एकानं बापाची बायको ठेवली होती. पौल त्याला बाहेर काढायला सांगतो, पण त्याचा खरा राग आहे बाकीच्यांवर. हे घडत असताना तुम्हाला दुःख नाही, उलट ताठा आहे, असं तो त्यांना सुनावतो आणि लगेच खमिराकडे वळतो. इथे मराठीला एक आयता फायदा मिळाला आहे. ग्रीकमध्ये कणीक फुगण्याचं क्रियापद वेगळं आणि गर्वानं फुगण्याचं वेगळं. मराठीत दोन्हींना 'फुगणे'च. त्याच पत्रात पुढे 'ज्ञान फुगवते' असंही आहे. (रुसून फुगणं हा तिसरा अर्थ करिंथकरांना लागू होता की नाही, ते सोडून देऊ.)

आंब्याच्या म्हणीत आढी बिचारी निर्दोष असते, शेजार वाईट मिळाला एवढंच. खमिराच्या वाक्यात गोळा निर्दोष नाही. तो फुगतो, आणि फुगल्यावर स्वतःला मोठा समजतो. मंडळीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं, हा मंडळीचा स्वतःचा दोष.

मग नासण्याचा अर्थ आला कुठून? लॅटिन बायबलमधून. ग्रीक मुळात 'आंबवते' आहे, तिथे लॅटिन व्हल्गेटमध्ये 'कोरुम्पित', म्हणजे 'बिघडवते', आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (1962 ते 65) रोमन कॅथलिक मिसा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्येच होत असे, धर्मगुरूंचं शिक्षणही त्याच भाषेतून. नासक्या आंब्याशी जुळणारा अर्थ आपल्याकडे सहज रुजला असेल तर त्यात नवल नाही. मराठी भाषांतरानं 'फुगवते' ठेवलं, ते माझ्या मते जास्त इमानी आहे.

खमीर मुळातच वाईट, असंही नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, एक बाई तीन मापं पिठात खमीर लपवते आणि येशू स्वर्गाच्या राज्याला त्याचीच उपमा देतो. मुंबईच्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या) घरांत सणाला 'फुगे' तळतात, पूर्वी त्यांचं पीठ ताडीनं आंबवत. त्या स्वयंपाकघरात गोळा फुगला नाही तरच पंचाईत! खमीर फक्त पसरतं; काय पसरायचं ते कालच्या गोळ्यात ठरलेलं असतं.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. नासका आंबा फेकला की विषय संपला, तो आढीत परत येत नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात मात्र पौल एका अपराध्याबद्दल लिहितो की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर दुःखात बुडून जाईल. हा पहिल्या पत्रातलाच माणूस, असं परंपरेनं मानलं जातं. अलीकडचे बरेच अभ्यासक तसं मानत नाहीत. काही असो, आंब्याच्या म्हणीत परतीची वाटच नाही.

वापरायचं कुठे, तर असं: एकाचं गैरकृत्य ठाऊक असून सगळे गप्प राहिले, पांघरूण घातलं, तिथे 'थोडे खमीर' चपखल बसतं. एकानं गुन्हा केला आणि बाहेरचे लोक सगळ्याच ख्रिस्ती समाजाला नावं ठेवू लागले, तर ते खमीर नव्हे. त्याला बायबलमध्ये वेगळी भाषा आहे: पौलाच्या रोमकरांस पत्रात, 'तुमच्यामुळे' परराष्ट्रीयांत (म्हणजे यहुदी नसलेल्यांत) देवाच्या नावाची निंदा होते, असं म्हटलंय. साध्या मराठीत 'बट्टा लागला' म्हणावं. आणि ज्यांना त्या गुन्ह्याची गंधवार्ताही नव्हती, त्यांच्याबद्दल लिहिताना आंबा आणि खमीर दोन्ही बाजूला ठेवावेत.