मूत्राशयाच्या गाठीत ‘टर्ट प्रमोटर’ बदल सापडला, म्हणजे कॅन्सर पसरणार का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांची मूत्राशयातली गाठ नाशिकला दुर्बिणीतून काढली, तिचा मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, मुंबईला पाठवला, जीन-तपासणीत टर्ट या जीनच्या प्रमोटरमध्ये -१२४ आणि एफजीएफआर३ या जीनमध्ये एस२४९सी असे दोन बदल आले. कॅन्सर पसरेल का, आणि मुलांना होईल का?

टर्टच्या ओळीवरून पसरण्याचा अंदाज बांधू नका. तिथे जीन बिघडलेला नसतो. जीन कधी चालू व्हायचा हे ठरवणारा त्याच्या आधीचा तुकडा, म्हणजे प्रमोटर, बदललेला असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीवर पेस्ट लावतात तसंच हे: डोळा आधीपासून असतोच, पेस्टने तो फुटतो. -१२४ व्या जागी डीएनएतलं ‘सी’ हे अक्षर बदलून ‘टी’ झालं की जीएबीपी नावाच्या प्रथिनाला बसायला नवी जागा मिळते आणि एरवी बंद असलेलं टेलोमरेज, म्हणजे गुणसूत्रांची टोकं झिजू न देणारं टर्टचं एन्झाइम, सुरू होतं. पेशीची विभागण्याची मुदत मग संपतच नाही. पण हा बदल फार लवकर होतो आणि साध्या काय, आक्रमक काय, बहुतेक गाठींत सापडतो. त्यामुळे दोन्हींतला फरक तो सांगत नाही.

एस२४९सीमध्ये एफजीएफआर३च्या प्रथिनात सेरिन या अमिनो आम्लाच्या जागी सिस्टीन येतं. हे प्रथिन म्हणजे पेशीवरचा रिसेप्टर, बाहेरचा निरोप आत पोचवणारा. दोन रिसेप्टर गंधकाच्या बंधाने एकमेकांना चिकटतात आणि बाहेरून निरोप नसतानाही ‘वाढ’ असा हुकूम देत राहतात. हा बदल वरवरच्या, लो-ग्रेड (कमी आक्रमक दिसणाऱ्या) गाठींत जास्त दिसतो. अशा गाठी परत परत उगवतात, पण स्नायूत घुसणाऱ्या कमी. सोबत सीडीकेएन२ए हा पेशीच्या वाढीला ब्रेक लावणारा जीन गळालेला असेल तर मात्र सावध राहावं लागतं.

पसरण्यामागचं नियंत्रण वेगळं आहे. मिर-२०० गटातले छोटे आरएनए झेब१ आणि झेब२ या प्रथिनांना दाबून ठेवतात. ते कमी झाले की झेब मोकाट सुटतात, पेशींना एकमेकींशी बांधणारं ई-कॅढेरिन बंद करतात, आणि सुटी झालेली पेशी खाली स्नायूकडे सरकते. नेहमीच्या डीएनए पॅनेलमध्ये यातलं काही दिसत नाही, कारण इथे अक्षरं बदललेली नसतात.

म्हणून जीनच्या रिपोर्टआधी हिस्टोपॅथॉलॉजीचा (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा) कागद काढा आणि नमुन्यात डिट्रसर, म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू आला होता का ते बघा. माझ्या मते तुमच्या हातातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. टी१ (अस्तराखालच्या थरात शिरलेली, पण स्नायूपर्यंत न गेलेली) हाय-ग्रेड गाठ असेल, किंवा स्नायू आलाच नसेल, तर २ ते ६ आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालण्याबद्दल युरोलॉजिस्टना विचारा. लो-ग्रेड टीए (फक्त अस्तरापुरती) असेल तर स्नायू नसला तरी सहसा चालतं.

ब्लॉकबद्दलही एक गोष्ट. नमुना १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास राहायला हवा. जास्त राहिला तर डीएनए तुटतो, आणि फॉर्मॅलिनमुळे ‘सी’चं ‘टी’ झाल्याचा खोटा बदलही दिसू शकतो. टर्टचा बदल नेमका त्याच प्रकारचा. म्हणून तो किती टक्के रीड्समध्ये (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांत) दिसला हे लॅबला विचारा. एक-दोन टक्के असेल तर पुन्हा तपासून घ्या.

एर्डाफिटिनिब ही एफजीएफआरवरची गोळी पसरलेल्या आजारासाठी आहे, आत्ता तिच्यामागे लागू नका.

हे दोन्ही बदल गाठीतच घडतात, मुलांकडे जात नाहीत. मात्र घरात कुणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर लिंच सिंड्रोमबद्दल, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाबद्दल, वेगळं विचारा. आणि वडील बिडी ओढत असतील तर ती आजच सुटायला हवी. बिड्या वळणाऱ्या सिन्नरच्या शेजारी राहून हे सांगणं जड जातं, पण धुरातले अरोमॅटिक अमाइन लघवीतूनच बाहेर पडतात आणि तोवर मूत्राशयातच साठून राहतात.