पिंग जातो, पण सर्टिफिकेट येत नाही

प्रश्न : आमच्या संस्थेत विंडोजचा अंतर्गत सर्टिफिकेट सर्व्हर (बाकीच्या मशीनना डिजिटल ओळखपत्र देणारा) आहे. नव्या वेब सर्व्हरवरून सर्टिफिकेट मागितलं की ‘आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल’ असा एरर येतो. पिंग जातो, फायरवॉलमध्ये १३५ पोर्ट उघडा आहे, जुने सर्व्हर बिनतक्रार चालू आहेत. सर्टिफिकेट सर्व्हर दोनदा रिस्टार्ट केला. आता काय करू?

उत्तर : आधी ते रिस्टार्ट थांबवा. सर्टिफिकेट सर्व्हरच्या ‘सर्टिफिकेशन ऑथॉरिटी’ कन्सोलमध्ये ‘फेल्ड रिक्वेस्ट्स’ नावाचा फोल्डर असतो, तो उघडा. तुमची मागणी तिथे दिसत नसेल, तर ती पोचलेलीच नाही आणि दोष वाटेत आहे. एरर पाहता तसंच वाटतं.

आरपीसी म्हणजे एका मशीनने नेटवर्कवरून दुसऱ्याला काम सांगायची पद्धत; १३५ ही तिची नुसती चौकशीची खिडकी. तिथे विचारलं की ‘अमुक पोर्टवर जा’ असं सांगतात, आणि तो पोर्ट ४९१५२ ते ६५५३५ यांतला कुठलाही असू शकतो. तुमच्या फायरवॉलने खिडकी उघडी ठेवली आणि आतलं दार लावून घेतलं, असा माझा अंदाज. नव्या सर्व्हरवरून ‘सर्टयुटिल’ या विंडोजच्या सर्टिफिकेट टूलची पिंग कमांड चालवा; साध्या पिंगला या दाराचा पत्ताही नसतो. नेटवर्कवाले एवढी मोठी रेंज उघडायला कुरकुर करतील (आणि त्यांचं बरोबरच आहे). मग सर्टिफिकेट सर्व्हरवरच्या ‘डीकॉम कॉन्फिग’ या सेटिंगमध्ये ‘सर्टसर्व्ह रिक्वेस्ट’ला (मागण्या घेणाऱ्या भागाला) एकच पोर्ट नेमून द्या, सर्टिफिकेट सर्व्हिस रिस्टार्ट करा आणि १३५ सोबत तेवढाच उघडून घ्या.

जुन्या सर्व्हरच्या भरवशावर राहू नका. त्यांना सर्टिफिकेट पूर्वीच मिळालंय, ते सध्या काही मागतच नाहीत. आपोआप नूतनीकरण लावलेलं असेल, तर ते सहसा मुदत संपायच्या ६ आठवडे आधी मागायला लागतात. तेही याच फायरवॉलमागे असतील, तर त्यांचीही रांग लागेल.

मागणी पोचून नाकारली गेली असेल, तर मात्र फायरवॉलचा नाद सोडा. नाकारल्याचं कारण त्याच फोल्डरमध्ये लिहिलेलं असतं, बहुधा टेम्प्लेटच्या (ज्या साच्यावरून सर्टिफिकेट बनतं त्याच्या) परवानगीचं. ‘रीड’ आणि ‘एन्रोल’ दोन्ही हवेत, आणि मशीनच्या नावाने मागत असाल तर ते त्या मशीनच्या खात्याला हवेत, तुम्हाला नव्हे. एकदा मी मशीनला योग्य ग्रुपमध्ये घातलं आणि तरी दोन दिवस नकारच खात बसले. ते मशीनच रिस्टार्ट केलं नव्हतं, त्यामुळे नव्या ग्रुपची त्याला खबरच नव्हती. तुम्ही रिस्टार्ट केलात, पण भलत्याच सर्व्हरला!