संवाद नसले तरी संहिता लागतेच

अनेक आशीर्वाद.

लघुपटाचा खर्डा वाचला. संवाद नाहीत म्हणून तू सगळं दीड पानात उरकलंस, आणि घोडं तिथेच अडलंय.

‘फटॉक्स एंड’ मिळवून बघ. १९७० चा ब्रिटिश विनोदी चित्रपट, जेमतेम पाऊण तासाचा. दिग्दर्शक बॉब केलेट. इंग्लंडमधल्या खेड्याकडची जुनी हवेली, सुट्टीला जमलेले पाहुणे आणि अख्ख्या चित्रपटात जवळजवळ संवादच नाहीत. तो लिहिला रॉनी बार्करने, म्हणजे शाब्दिक कोट्यांसाठी पुढे घराघरात माहीत झालेल्या माणसाने. हवेलीचा मालकही तोच झालाय. भाषेवर एवढी हुकूमत असलेला लेखक शब्द बाजूला ठेवतो तेव्हा काय करतो, ते नीट पाहा.

मूकपटाशी याची गल्लत करू नकोस. मूकपटाला आवाज नव्हताच. इथे पुटपुटणं आहे, हुंकार आहेत, वस्तूंचे आवाज आहेत, संगीत आहे. विनोद कानांनीही कळतो.

हवेलीही उगाच निवडलेली नाही. अशा घरात मालक कोण, चाकर कोण, पाहुणा कोण हे कपड्यांवरून आणि कोण कुणासाठी दार उघडतो त्यावरूनच समजतं. श्रेयनामावलीत बहुतेकांना नावंसुद्धा नाहीत: बटलर, स्वयंपाकीण, चित्रकार. बटलर झालेल्या मायकेल हॉर्डर्नवर विशेष लक्ष ठेव. बायकांकडे टक लावून पाहण्यावरचे विनोद मात्र आज खटकतात. ते उचलू नकोस.

आता तुझा खर्डा. तू लिहिलंयस, ‘सुनेला राग येतो.’ तो राग कॅमेऱ्याला दिसणार कशात? सासऱ्यांपुढे चहा ठेवताना बशी किती जोरात आदळते? चमचा वाजतो का? ते ऐकून पेपरमागचं डोकं हलतं, की नुसतं पान उलटल्याची फडफड येते? ती फडफड म्हणजे सासऱ्यांचं उत्तर. हे सगळं कागदावर यायला हवं. ‘सेटवर सुचेल’ यावर विसंबू नकोस. नट काहीतरी हातवारे करतील आणि तेच तुला नको आहे.

ध्वनिमुद्रण करणाऱ्याला पहिल्या वाचनालाच बोलाव. नवा खर्डा लिहिताना डावीकडे कृती आणि उजवीकडे आवाज असे दोन रकाने कर. उजवा रकाना रिकामा राहिला तर त्या प्रसंगावर पुन्हा बस, मगच मला पाठव.