झपाट्याने वाढणारी पाइनची झाडे तिशीतच मरतात, हे खरे आहे का?

नाही. ३० हे त्यांच्या तोडणीचे वय आहे, आयुष्य नव्हे. या दोहोंतील गल्लतीपायी आमच्या कुंपणालगतची धडधाकट झाडांची अख्खी रांग गेली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ती मॉन्टेरे पाइनची झाडे होती. न्यूझीलंडमध्ये या जातीची लागवड मोठ्या प्रमाणावर होते आणि साधारणपणे २५ ते ३० वर्षांनी ती तोडतात, कारण तोवर खोड विकण्याजोगे जाड झालेले असते आणि आणखी थांबणे व्यवहाराला परवडत नाही. माझ्या थोरल्या काकांनी तो आकडा कुठेतरी वाचला आणि आयुष्य संपलेली झाडे आता घरावर कोसळणार, असे ठरवून टाकले. मी त्यांना शेंड्यांवरची नवी वाढ दाखवली, बुंध्याशी कुठेही बुरशीची छत्रे नाहीत, साल सुटलेली नाही, हेही दाखवले आणि एखाद्या जाणकाराकडून तपासणी करून घ्या म्हणून विनवले. त्यांनी सल्ला विचारला तो लाकूड विकत घेणाऱ्याला. झाडे पडली तेव्हा प्रत्येक बुंधा सालीपासून गाभ्यापर्यंत निरोगी निघाला. “आज ना उद्या पडलीच असती,” असे काका म्हणाले. हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

मॉन्टेरे पाइन ८० ते १०० वर्षे जगू शकते. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील व्हाइट पाइन तरुणपणी भराभर वाढते, तरीही २०० वर्षांची होते, क्वचित ४०० वर्षांचीही. त्यामुळे जलद वाढ म्हणजे अल्पायुष्य, असा सरसकट नियम लावणे चूक आहे.

अर्थात, या समजुतीत तथ्य अजिबातच नाही, असेही नाही. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतील ब्रिसलकोन पाइन अतिशय सावकाश वाढते, तिचे लाकूड घट्ट आणि राळेने भरलेले असते आणि तिच्यातील एक झाड तर ४,८०० वर्षांहून जुने आहे. शिवाय पाणी साचणारी जमीन, दाटीची लागवड, साल पोखरणारे भुंगेरे यांनी कोणतेही पाइन अकाली मरू शकते. पण तो दोष त्या त्या झाडात दिसावा लागतो. तेव्हा कुणी केवळ वयाकडे बोट दाखवून झाड तोडायला सांगत असेल, तर नेमका कोणता दोष आहे हे त्याच्याकडून लेखी मागा, आणि तेही लाकडाच्या विक्रीत ज्याचा वाटा नाही अशा माणसाकडून.