पाणी नितळ आहे, मग मासे का दिसत नाहीत?

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या ओढ्याचे काही वर्षांपूर्वी यंत्राने खोलीकरण झाले. दिवाळीनंतरही त्याचे पाणी तळ दिसेल इतके नितळ असते, पण मासे जवळपास दिसेनासे झाले आहेत. प्रयोगशाळेत न जाता या पाण्याची पारख करता येईल का?
– एक वाचक, भोर तालुका

उत्तर : नितळपणावरून एवढेच कळते की पाण्यात गाळ तरंगत नाही. शेतातून उतरलेले नायट्रेट, कीटकनाशके, मैलापाण्यातले जंतू किंवा विरघळलेल्या प्राणवायूची तूट यांपैकी काहीही डोळ्यांना दिसत नाही.

त्यापेक्षा खळाळातले दगड उलटून पाहावेत. पावसाळी पुरात तळाचे जीव वाहून जातात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. दगडाखाली चपटी, बहुधा तीन शेपट्यांची मेफ्लाय या कीटकाची पिल्ले किंवा वाळूचे कण जोडून बांधलेल्या नळीत राहणाऱ्या कॅडिसफ्लाय या कीटकाच्या अळ्या सापडल्या, तर प्राणवायू पुरेसा आहे असे मानण्यास हरकत नाही. याउलट हे जीव अजिबात नसतील आणि गाळात केवळ लाल अळ्यांची व लाल बारीक कृमींची गर्दी असेल, तर बहुधा सांडपाणी येत असावे. रक्तातील हिमोग्लोबिनमुळे हे जीव अत्यल्प प्राणवायूवरही तग धरतात. चार-दोन लाल अळ्या मात्र स्वच्छ ओढ्यातही असतात, त्यांनी घाबरून जाऊ नये.

ही रीत हौशी नव्हे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच जीवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत मांडली होती. बाटलीतला नमुना त्या क्षणापुरता असतो : शेवाळ माजलेल्या पाण्यात भर दुपारी प्राणवायू मुबलक आणि पहाटे धोक्याइतका कमी असू शकतो. शिवाय पाणी तापले की त्याची प्राणवायू धरण्याची क्षमताच घटते. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साधारण साडेसात. आंघोळीयोग्य पाण्यासाठी आपल्याकडे किमान ५ मिलिग्रॅमचा निकष आहे. दगडाखालच्या पिल्लांनी असे कित्येक दिवस आणि पहाटा तिथेच काढलेल्या असतात.

तुमच्या ओढ्याबाबत माझा पहिला संशय पाण्यावर नसून खोलीकरणावर आहे. ‘पाणी साठले’ या आनंदात तळाच्या दगडगोट्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्यांच्या फटींतच कीटक राहतात, लहान मासे त्या कीटकांवर जगतात, आणि काठावरची झाडे गेली की ऊनही थेट पाण्यात उतरते. खाली एखादा बंधारा झाला असेल, तर पहिल्या पावसात अंडी घालण्यासाठी वर चढणारे वलगणीचे मासेही तिथेच अडतात.

म्हणून खोलीकरणाच्या वरच्या टप्प्यात आणि खोदलेल्या भागात, अशा दोन्हीकडे दगड पाहावेत. वर या कीटकांची पिल्ले आहेत आणि खोदलेल्या भागात नाहीत, असे आढळले तर तिथे दगडगोटे परत टाकणे आणि काठावर उंबर, करंज लावणे हा उपाय करून पाहता येईल. पिण्यासाठी मात्र या कीटकांची साक्ष पुरेशी नाही; त्यासाठी जंतूंची आणि नायट्रेटची तपासणी करावीच लागेल.