वाचक विचारतात : बाटल्यांनी रक्त पातळ झालं का?

प्रश्न : माझ्या आईचं (वय 71, वजन 55 किलो) खुब्याचं ऑपरेशन झालं. रक्त बरंच गेलं, दुसऱ्या दिवशीही ड्रेनमधून येत होतं. भुलीच्या कागदावर 'आरएल' आणि 'स्टार्च' लिहिलंय. भाऊ म्हणतो, बाटल्या चढवून चढवून रक्त पातळ केलं. खरं का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : भावाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट, क्षारांचं एक सलाईन; स्टार्च म्हणजे पिष्टापासून बनवलेला, रक्तवाहिन्यांत जास्त वेळ टिकणारा द्राव. पण रक्ताची पिशवी क्रॉसमॅच (रक्त जुळतं का याची तपासणी) होऊन येईस्तोवर बीपी सांभाळायला आम्हा भूलतज्ज्ञांच्या हाताशी बाटल्याच असतात, हेही त्याला सांगा.

आईंच्या वजनाला अंगात साडेतीन लिटरच्या आसपास रक्त. त्यातलं लिटर-दीड लिटर गेलं आणि जागा नुसत्या सलाईनने भरली, तर गोठवणारी प्रथिनंही विरळ होतात; सगळ्यांत आधी तुटवडा पडतो फायब्रिनोजेनचा, म्हणजे ज्यापासून गुठळीचे धागे (फायब्रिन) बनतात त्या प्रथिनाचा. गंमत म्हणजे थोडंसंच आरएल दिलं, तर तपासणीत रक्त उलट जरा लवकर गोठताना दिसतं.

स्टार्चचं तसं नाही. ते विरळ तर करतंच, वर फॅक्टर आठ आणि फॉन विलेब्रँड फॅक्टर ही रक्त गोठवणारी प्रथिनं खाली आणतं, प्लेटलेट (गुठळीसाठी लागणाऱ्या रक्तातल्या चकत्या) नीट चिकटत नाहीत आणि फायब्रिनची जाळी कच्ची विणली जाते. ऑपरेशन चालू असताना शंका आली की मी साध्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती मुठीत ऊबेला धरते. दहाएक मिनिटांत गुठळी धरायला हवी. स्टार्च जास्त गेलं असेल तर गुठळी धरते, पण नळी तिरकी केली की अर्धवट विरजलेल्या दह्यासारखी ओघळते. डेक्स्ट्रान हा असाच दुसरा द्राव, रक्त न गोठू देण्यात याहून वरचढ. बारीक रक्तवाहिन्या जोडताना गुठळी होऊ नये म्हणून ते मुद्दाम देत. जिलेटिनचा द्राव त्यामानाने सौम्य. अल्ब्युमिन (रक्तातलंच एक प्रथिन) बरं, पण बिल बघून नातेवाइकांनाच भोवळ येते.

रक्तस्राव आणि किडनीबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2013 मध्येच स्टार्चवर इशारा छापायला लावला. युरोपात 2022 मध्ये परवानेच स्थगित झाले. माझ्या मते आता आरएल, आणि गरज पडली की वेळेवर रक्त, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं.

तरी 500 मिलीच्या एकाच बाटलीवर सगळं खापर फोडू नका. थंडगार बाटल्या भराभर चढवल्या आणि अंग गार पडलं, तरी प्लेटलेट कामचुकारपणा करतात. आई हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (प्लेटलेट चिकटू न देणारी औषधं) घेत होत्या का? तुम्ही ते लिहिलेलं नाही. शिवाय खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी ड्रेनमध्ये थोडं रक्त येणं नेहमीचंच.

भुलीच्या नोंदीची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. त्यात स्टार्चच्या बाटल्या किती, ते बघा. आणि आईंचं क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) या आठवड्यात करून घ्या. लघवी कमी होत असेल तर आजच.